वादळात कौलं गेली, पत्रे उडाले: नेमकं काय निखळलंय ते कसं ओळखायचं?

वळचण_दापोली

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून अडीच किलोमीटरवर. मूळ घर चिऱ्याचं (जांभा दगडाचं), वर लाकडी वासे, त्यांवर आडव्या रिपा आणि मंगलोरी कौलं. पुढे पडवीवर सिमेंटचे पत्रे. मागे स्लॅबची खोली आणि तिच्या गच्चीवर २० बाय १५ फुटांचं लोखंडी शेड, सहा खांबांवर.

परवाच्या वादळात मूळ घराच्या मागच्या पाख्यावरची (छपराच्या उतरत्या बाजूवरची) दीडएकशे कौलं गेली. वारा समोरून होता, पण पुढचं पाखं जवळजवळ जसंच्या तसं आहे! आढ्यावरचे (छपराच्या माथ्यावरचे) सात-आठ कोने, म्हणजे माथा झाकणारी कौलं, सुटले. पडवीचे दोन पत्रे चिरले. शेडचे सहा पत्रे उडाले, बाकीचे कडेला वळलेत.

सुतार म्हणतो, चार वासे बदलू, कौलं चढवू, झालं. फॅब्रिकेटर म्हणतो, लाकूड-कौलं सगळं उतरवा, लोखंडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) टाकून पत्रे मारू. दोघंही वर न चढताच बोलले. पावसाला जेमतेम पंधरा दिवस आहेत. खर्च कशावर करायचा हे ठरवण्याआधी मोडलंय काय ते समजून घ्यायचंय. पाख्याची लांबी ३० फूट, उतारावरचं माप १६ फूट. पंचनामा अजून झालेला नाही, तोवर झाकायचं की तसंच ठेवायचं?

---

चिरेबंदी

वारा समोरून आणि कौलं मागची, हे असंच व्हायला हवं. छप्पर वाऱ्याने ढकललं जात नाही, उचललं जातं. वारा आढ्यावरून पलीकडे जाताना मागच्या पाख्यावर ओढ तयार होते. समोरच्या पाख्याचा उतार ३० अंशांच्या आसपास असेल (१२ इंच आडवं गेल्यावर ७ इंच चढ) तर त्याच्यावर ओढ फारशी राहत नाही, म्हणून ते टिकतं. जुन्या घरांचे उतार उभे असायचे ते फक्त पागोळ्या लवकर गळाव्यात म्हणून नव्हे.

थोडा हिशोब करा, सुतार आणि फॅब्रिकेटर दोघांशीही बोलायला उपयोगी पडेल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला चौरस मीटरवर सुमारे १७ किलो, ताशी १२० ला सुमारे ६८ किलो. वेग दुप्पट, दाब चौपट. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० होता. वळचण (छपराची खालची कड), आढं आणि दोन्ही टोकं इथे ओढ सरासरीपेक्षा जास्त असते, त्यात एखादं दार किंवा खिडकी फुटून वारा घरात शिरला तर आतूनही दाब येतो. कडेला चौरस मीटरला शंभर किलो सहज होतात. आता वजनं बघा. मंगलोरी कौलं चौरस मीटरला चौदा-पंधरा, म्हणजे ३५ ते ४० किलो. सिमेंटचा पत्रा १३ ते १५ किलो. अर्धा मिलिमीटरचा लोखंडी पत्रा साडेचार किलो! म्हणजे पत्रा वजनाने बसतच नाही, तो फक्त स्क्रूवर आहे. कौलं मधल्या भागात वजनाने तगतात, कडेला तगत नाहीत.

तेव्हा पाहणी करताना "काय उडालं" एवढंच बघू नका, "साखळीतली कुठली कडी सुटली" ते बघा. कौल रिपेवर, रीप वाशावर, वासा भिंतीवरच्या तुळईवर, तुळई भिंतीत. या चार जोडांपैकी कुठे सुटलं यावर दुरुस्ती ठरते.

आधी मेन स्विच बंद. मग भर दुपारी माळ्यावर जा, दारं-खिडक्या लावून काळोख करा. जिथून उजेडाची टिकली दिसते तिथे कौल सरकलंय किंवा फुटलंय, त्याच्या खालच्या वाशावर खडूने खूण करा. त्यानंतर प्रत्येक वासा तुळईवर जिथे टेकतो ती जागा बॅटरीने बघा. वासा आणि तुळई यांच्यात फट आहे का, खिळ्याचा चकचकीत भाग बाहेर आलाय का? खिळा ज्या रेषेत ठोकला त्याच रेषेत उपसला जातो, म्हणून वाऱ्याच्या उचलीला नुसता खिळा बेभरवशाचा. शेवटी तुळईच्या खाली भिंतीला आडवी चीर शोधा. उभी किंवा तिरकी चीर बहुतेक वेळा जुनी, पायाची. तुळईखाली सरळ आडवी गेलेली ताजी चीर म्हणजे अख्खं छप्पर क्षणभर उचललं जाऊन परत बसलंय. ही सापडली तर कौलं चढवायची घाई अजिबात नको.

बाजूच्या त्रिकोणी भिंतींना ओळंबा लावा. आढ्याला टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मध्ये झोळ किती ते मोजा, तीस फुटांत इंचभर असेल तर तो जुनाही असू शकतो, पण लिहून ठेवा.

आणि चारही बाजू बघा. वादळाचं केंद्र तुमच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकत गेलं तर वारा आधी आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, शेवटी नैर्ऋत्येचा होतो. पहिल्या झोताने सैल केलेलं दुसऱ्याने उचकटलेलं असतं. "वारा समोरून होता" हे बहुधा शेवटच्या झोताचं वर्णन.

---

सुतारपक्षी

वरच्यात लाकडाची भर घालतो.

मोडलेल्या वाशाचा किंवा रिपेचा तुकडा हातात घ्या. मोड ताजी असेल तर आतलं लाकूड फिकं, लांब कुसळं निघालेली. मोड काळपट, बुटकी, चुरा होणारी असेल तर ते वादळाआधीच मेलेलं होतं. असे दोन ढीग वेगळे करा. पोफळीच्या रिपा बाहेरून टणक दिसतात आणि आतून भुंग्याने पोकळ केलेल्या असतात, पेचकसाचं टोक दाबून बघा. पाव इंचाच्या वर आत गेलं तर ती रीप बाद.

जी कौलं जागेवर आहेत ती धड आहेत असं समजू नका. कौल उचललं जाऊन परत आपटतं तेव्हा केसासारखी चीर जाते. बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर बाजूला. उलटं करून रिपेला अडकणारा उंचवटा शाबूत आहे का तेही बघा, तो तुटलेलं कौल चार दिवस बसतं आणि पहिल्या सरीत घसरतं.

कौलं विकत घेताना जुनं एक कौल सोबत न्या. कारखान्यागणिक मापात पाव इंच इकडेतिकडे असतं आणि तेवढ्याने खोबणी जुळत नाही. रिपांचं अंतर बारा-साडेबारा इंच असतं, पण तेही तुमच्या कौलावर मोजूनच धरा. दोन जातींची कौलं एकाच पाख्यावर मिसळायची वेळ आलीच तर नवी सगळी एका कडेला, वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग पट्टा. मध्ये ठिगळं मारली की प्रत्येक ठिगळाच्या चारी बाजूंनी गळतं.

---

पत्रेवाला_चिपळूण

शेडबद्दल. उडालेला पत्रा आणि तो जिथून उडाला ती जागा, दोन्ही बघितल्याशिवाय कुणी कोटेशन दिलं तर घेऊ नका.

स्क्रू पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या पाइपात) उभाच आहे, वॉशरही आहे, पण पत्र्याचं भोक लांबट होऊन फाटलंय: पत्रा पातळ. स्क्रू पत्र्याबरोबर उपसून गेला, पर्लिनमध्ये गुळगुळीत भोक उरलंय: पर्लिनचा पाइप पातळ, आट्यांना धरायला लोखंडच नव्हतं. १.२ मिमीच्या पाइपात असं होतं, भिंत २ मिमी तरी हवी. पर्लिनसकट पत्रे गेले: वेल्डिंग नुसतं टाके मारलेलं होतं. खांबासकट गेलं: खाली अँकर (काँक्रीटमध्ये रुतवलेले बोल्ट) नव्हते, किंवा कठड्याच्या विटेत मारले होते. या चार गोष्टींची चार वेगळी दुरुस्ती आहे. नवा जाड पत्रा जुन्या टाका-वेल्डिंगवर मारलात तर पुढच्या वेळी पर्लिनही शेजाऱ्याच्या अंगणात.

पत्र्याची जाडी दुकानदाराला विचारू नका, वजन करा. १० फुटी, साडेतीन फूट रुंदीचा पन्हळी पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर चौदा-साडेचौदा किलो भरतो. दहा किलो भरला तर तो ०.३५ चा आहे, बिलावर काहीही लिहिलेलं असो.

समुद्राजवळ स्क्रूचं डोकं वरून ठीक दिसतं आणि वॉशरखाली मान गंजलेली असते. दहा स्क्रू वेगवेगळ्या जागचे उलटे फिरवून काढा. तीन जरी मानेत तुटले तर सगळेच बदला. कारागीर ड्रिल मशिनने इतकं आवळतात की वॉशर पिळून बाहेर येतो. तो उन्हात वर्षा-दोन वर्षांत फाटतो, पाणी शिरतं, गंज चढतो. वॉशर जरासा दबला की थांबायचं.

---

नमुना_आठ

पंचनाम्याबद्दल: झाका, पण आधी फोटो. चारही बाजूंनी पूर्ण घर, मग प्रत्येक खराब जागा, जवळ टेप किंवा काठी धरून. फुटलेली कौलं आणि फाटलेले पत्रे फेकू नका, अंगणात एका ठिकाणी रचून ठेवा, मोजता येतील असे. ताडपत्री, दोरी, मजुरी यांच्या पावत्या जपा.

पंचनाम्याला तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) येतील. घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा, आधार, बँक पासबुकाची प्रत काढून ठेवा. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत अंशतः पडझडीला मदत मिळायला नुकसान किमान १५ टक्के असावं लागत होतं. पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये होते. एखाद्या आपत्तीसाठी राज्य सरकार वाढीव दर काढतं, तसा शासन निर्णय निघालाय का ते तहसीलमध्ये विचारा. पंचनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी त्यात कौलांची संख्या, वासे, चीर हे सगळं आलंय का ते वाचा. "छपराचे नुकसान" एवढ्या दोन शब्दांवर सही करू नका.

विमा असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी आहे तिच्यात वादळ येतं, पण झीज आणि कुजणं येत नाही. सुतारपक्षींनी सांगितलेले दोन ढीग सर्व्हेयर येईपर्यंत वेगळेच राहू द्या. जुनं कुजलेलं लाकूड वादळाच्या खात्यात घालायचा प्रयत्न केला की बाकीच्या खऱ्या नुकसानीवरही शंका येते.

---

वळचण_दापोली

सगळ्यांचे आभार. काल दिवसभर बघितलं.

माळ्यावर काळोख करून पाहिलं तर गेलेल्या जागेशिवाय आणखी ४१ टिकल्या. मागच्या भिंतीला तुळईखाली आडवी चीर, सुमारे १४ फूट लांब, नखाएवढी. त्याच भागातले चार वासे तुळईवरून अर्धा इंच उचललेले, खिळे चकचकीत दिसतात. मोडलेल्या रिपांत पाच ताज्या, तीन कुजक्या. शेडच्या पर्लिनवर स्क्रू उभेच आहेत, पत्र्याची भोकं लांबट, वजन दहा किलो शंभर ग्रॅम. दोन पर्लिनचं वेल्डिंगही सुटलंय. खांबांचे तळपत्रे स्लॅबवर, प्रत्येकी दोनच अँकर.

आता क्रम काय? आणि पाख्यावर चार-पाच फुटांवर सिमेंटच्या पट्ट्या मारून घ्याव्यात असं गावात बरेच जण सांगतायत.

---

चिरेबंदी

चीर सापडली म्हणजे तुमचा मुख्य आजार कौलं नव्हे. छप्पर भिंतीला बांधलेलंच नाही, नुसतं ठेवलंय.

कडेला उचल शंभर किलो धरली आणि लाकूड-कौलांचं वजन वजा केलं तर चौरस मीटरला पन्नासेक किलो उरतात. १६ फुटी पाख्याचा निम्मा भार वळचणीकडच्या भिंतीवर येतो, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटरला सुमारे १२० किलो वर ओढ. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीचे वरचे दोन थर मीटरला पावणेदोनशे किलो भरतात. म्हणून तुळई किमान दोन थर खालपर्यंत बांधायची, नुसती वरच्या चिऱ्यात खिळा मारून नाही. दर चार फुटांवर भिंतीच्या वरच्या दोन थरांत एकेक चिरा काढून तिथे १:२:४ काँक्रीटचा ठोकळा, त्यात खाली वाकवलेली १२ मिमीची सळी, वरचं टोक आटे पाडून तुळईच्या आरपार, वर पट्टी आणि नट. ३० फुटांच्या भिंतीला आठ-नऊ जागा. ही कामं एकाआड एक जागी करा, लागोपाठ भिंत पोखरू नका, आणि वासे खालून टेकूवर घ्या. काँक्रीटला सात दिवस पाणी, त्याआधी नट आवळायचा नाही. चिरेत १:४ मसाला भरा. भरण्याआधी चीर पाण्याने धुवा, कोरड्या चिऱ्याला मसाला धरत नाही.

मग वासे तुळईला. २५ बाय ३ मिमीची गॅल्व्हनाइज्ड पट्टी वाशावरून वळवून तुळईच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने. यात स्क्रूवर आडवा भार येतो, उपसणारा नाही, हेच तिचं मर्म. टोकाकडच्या तीन-तीन वाशांना प्रत्येकी, मधल्यांना एकाआड एक.

लोखंडी कैच्या आणि पत्रे यांची गरज मला दिसत नाही. बांधणी न करता ४० किलोचं आवरण काढून साडेचार किलोचं घातलंत तर उलट उचल वाढेल.

---

सुतारपक्षी

सिमेंटच्या पट्ट्यांना माझा विरोध आहे, चिरेबंदी कदाचित वेगळं म्हणतील. वारा धरतो हे खरं. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट हलत नाही. दोन वर्षांत पट्टीच्या कडेने बारीक फट पडते आणि पाणी नेमकं वाशावर उतरतं. शिवाय एक कौल बदलायला सहा फोडावी लागतात.

त्यापेक्षा तार. मंगलोरी कौलाच्या पोटाला भोक असलेला कान असतो, तो त्यासाठीच आहे, पण बांधतं कोण! वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन ओळी, दोन्ही टोकांचे दोन-दोन उभे पट्टे. तुमच्या पाख्यावर अंदाजे १५ ओळी आणि ओळीत ४३ कौलं, म्हणजे एकूण साधारण ६४५, त्यातली बांधायची २१६. कौलाला फूटभर तार धरली तर एका पाख्याला ६६ मीटर. तांब्याची घ्या, खाऱ्या हवेत लोखंडी तार टिकत नाही. एक जण वर, एक जण माळ्यावर, तार रिपेभोवती दोन वेढे.

कोन्यांना मात्र मसाला लागतोच. सिमेंट, चुना, वाळू १:१:६. कोन्याच्या फक्त दोन्ही कडांखाली घाला, पोट पूर्ण भरू नका, भरलेला मसाला पाणी धरून आढं कुजवतो.

---

चिरेबंदी

वेगळं म्हणत नाही. पट्टी फक्त दोन्ही टोकांच्या कडेला एकेक, तिथे कौल अर्धं कापलेलं असतं आणि तारेला कान उरत नाही. मधल्या पट्ट्या नकोत.

---

पत्रेवाला_चिपळूण

शेड सगळ्यात शेवटी, पाऊस झाल्यावर केलं तरी चालेल. पण वळलेले पत्रे आणि सुटलेल्या दोन पर्लिन आजच उतरवा, पुढच्या वाऱ्यात त्या तलवारी होतील.

करताना: २० बाय १५ म्हणजे २८ चौरस मीटर, चारी बाजूंनी उघडं, वारा खालूनही मारतो. शंभर किलोने २,८०० किलो उचल, सहा खांबांत वाटली तर खांबाला साडेचारशेच्या वर. दोन अँकर कमी आहेत, चार हवेत, १२ मिमीचे, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये ७५ मिमी आत. गच्चीवरच्या कोब्याची (स्लॅबवर नंतर घातलेल्या थराची) जाडी त्यात मोजू नका. तळपत्रा लहान असेल तर त्याखाली १५० बाय १५० बाय ८ मिमीचा दुसरा वेल्ड करा. पर्लिन खांबांवरच्या पाइपला दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड, घासून झिंकचा रंग. अंतर मध्ये चार फूट, कडेला तीन. पत्रा ०.५ चा. वळचणीला आणि टोकांना प्रत्येक दुसऱ्या उंचवट्यावर स्क्रू, मध्ये प्रत्येक तिसऱ्या. बाहेर आलेली वळचण दीड फुटाच्या आत ठेवा, अडीच फूट सावली हवी म्हणून काढतात आणि तिथूनच पत्रा उचकटायला लागतो. पत्रे पूर्वेकडून मारायला सुरुवात करा, म्हणजे जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याकडे येत नाही.

पडवीचे सिमेंटचे पत्रे: चीर हूक-बोल्टच्या भोकापासून निघाली असेल तर बोल्ट फार आवळला होता किंवा भोक घट्ट होतं. ८ मिमीच्या बोल्टला १० चं भोक पाडतात, खाली डांबरी वॉशर. चिरलेल्यावर पाय ठेवू नका, धड दिसणाऱ्यावरही नको. पर्लिनवर टेकतील अशा दोन फळ्या टाकून फळीवरूनच चाला. हे पत्रे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे असतात, काढताना पाणी मारून ओले करा, ग्राइंडर लावू नका, चुरा कोरडा झाडू नका.

---

नमुना_आठ

ताडपत्रीचं राहिलं. दीडशे कौलं म्हणजे साधारण ११० चौरस फूट उघडं आहे, पण तेवढाच तुकडा टाकून चालत नाही. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे तीन फूट जायला हवी, नाहीतर वरून येणारं पाणी तिच्या खाली शिरतं. उतारावर १६, पलीकडे ३, खाली गुंडाळायला २, म्हणजे २१ फूट, रुंदीला उघड्या भागाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्त. खालची कड बांबूभोवती दोन वेढे गुंडाळून बांबू वाशाला बांधा. नुसते चिरे ठेवलेत तर पहिल्या वाऱ्यात चिरा कौलांवरून गडगडत खाली, आणि मोजदाद पुन्हा नव्याने.

---

वळचण_दापोली

ताडपत्री आज चढली, २४ बाय २१. टेकूसाठी सात बल्ल्या आणल्यात, उद्या पहिले चार ठोकळे, एकाआड एक. सुताराला तार दाखवली, म्हणाला, "एवढी कौलं बांधायची तर दोन दिवसांची मजुरी जास्त लागेल." लागू दे म्हटलं.